मोजेबाईंचे पाय

वैशाखातला सडा. ताम्रवर्ण, तृणहीन, क्षितिजापर्यंत उघडा पडलेला जांभ्याचा सडा. करवंदीची जाळी तेवढी हिरवी. तीही काटेरी, तीही हट्टी. सूर्य माडाच्या शेंड्याएवढाच वर आलेला, पण कातळ कालच्याच उन्हाने धुमसणारा. रात्रीने तो निवत नाही. नुसता गप्प होतो.

सड्याच्या पायथ्याशी खाडी. शिसवी, संथ, खारट. तिच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो, आणि दोन्ही काठांच्या माडांना सारखाच झोडपतो. माड पाण्यावर वाकतात ते आपापल्या काठावरून. वाकून वाकून एकमेकांना निरखत राहतात, वैऱ्यांसारखे.

अशा सकाळी अलीकडच्या गावात, घराच्या मागील दारी, रातांब्याच्या सावलीत, वैजयंती पळसुले गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. त्या घटकेला तिच्या मनात क्षमेचा कणही नव्हता.

तांब्याचे घंगाळ. त्यात चुलीवरचे पाणी, त्यात विहिरीचे पाणी, आणि पाण्यात उभा धरलेला थर्मामीटर. पारा चाळिसावर ठरला तेव्हाच तिने पावले आत सोडली. मूठभर खडेमीठ. अर्ध्या लिंबाचा रस. मग घड्याळ बघून वीस मिनिटे. तेहेतीस वर्षे तिने गावच्या शाळेत विज्ञान शिकवले होते. द्वेषसुद्धा तिला मोजून-मापून करता येत असे.

वीस मिनिटांत त्वचा पाणी पिते. टाचेवरचा कठीण, पिवळट, मेलेल्या पेशींचा थर फुगतो, पांढरा पडतो, मऊ होतो, शरण येतो. वैजयंती त्या शरणागतीची वाट पाहत होती. तिची मान ताठ होती, ओठ मिटलेले होते, आणि डोळे पाण्यातून वर बघणाऱ्या त्या दोन पायांवर असे खिळले होते, की जणू ते तिचे नव्हतेच. कुणीतरी पकडून तिच्यासमोर हजर केले होते.

उद्या तिच्या मुलाचे लग्न होते. आज संध्याकाळी, पलीकडच्या गावच्या देवळात, सीमांतपूजन. मुलीकडची माणसे मुलाकडच्यांना सामोरी येणार, ओवाळणार, ओटी भरणार. आणि मग रीतीप्रमाणे वधूची आई वरमाईच्या पायाशी बसणार. परातीत तिचे पाय घेऊन ते दुधाने, पाण्याने, आपल्या हातांनी, चारचौघांत धुणार.

वरमाई वैजयंती होती. वधूची आई कल्याणी होती. आणि कल्याणीने हे पाय पूर्वी एकदा पाहिले होते.

अडतीस वर्षांपूर्वीचा श्रावण. अध्यापक विद्यालयाचे वसतिगृह. बाहेर पावसाच्या सरी, आत चाळीस मुली. त्यांच्यातल्या एकीचे वैशाखात लग्न झालेले, म्हणून तिची मंगळागौर. केवड्याचा गंध, जाईचे गजरे, काचेच्या बांगड्यांची किणकिण. फुगडीचे फेरे वेगाने फिरत होते. नऊवारीचे काठ उडत होते. आणि त्या उडत्या काठांखाली, लख्ख दिव्याखाली, वीस वर्षांच्या वैजयंतीच्या टाचा उघड्या पडल्या होत्या.

सहाव्या वर्षापासून ती सड्यावरून अनवाणी शाळेत गेली होती. उन्हात तापलेल्या, पावसात शेवाळलेल्या, हिवाळ्यात सुरीसारखी धार आलेल्या कातळावरून रोज दोन कोस. पहिली चप्पल तिला अकरावीत मिळाली. तोवर टाचांवर काळ्या, खोल, कोरड्या भेगांचे जाळे पसरले होते.

कल्याणी फुगडी सोडून खाली बसली होती. माड-पोफळीच्या आगरवाल्या घरची, गोरी, लाडकी, जिभेला लगाम नसलेली कल्याणी. ती टाळी देऊन ओरडली होती, "अगं, वैजूच्या टाचा बघा! एवढ्या भेगांत नाचणी लावली तर दिवाळीला भाकऱ्या होतील!"

चाळीस मुली हसल्या. हसू छपरापर्यंत गेले, कौलांवर आपटले, पावसात मिसळले. फुगडी थांबली नाही. वैजयंतीही थांबली नाही. थांबली असती तर रडली असती. ती फिरत राहिली, फिरत राहिली, आणि फिरता फिरता तिच्यातले काहीतरी कायमचे स्थिर झाले.

दुसऱ्या दिवशी तिने तपकिरी मोजे विकत घेतले. त्यानंतर अडतीस वर्षे तिचे पाय घराबाहेर कुणाला दिसले नाहीत. वैशाखात, घामात, दमट दुपारी, शाळेच्या सहलीला समुद्राच्या वाळूत, सगळीकडे मोजे. मुलांनी तिचे नाव ठेवले मोजेबाई. नाव तिच्या कानांवर आले, तिने ते ऐकले, आणि फळ्यावर हृदयाची आकृती काढत राहिली.

मग सौमित्रने पुण्याहून फोन केला. त्याच्या कचेरीतली मुलगी. अन्विता. आपल्याच बाजूची आहे आई, खाडीच्या पलीकडची. आईचे नाव कल्याणी.

मुलांना साधे लग्न हवे होते. सही, चार माणसे, जेवण. वैजयंतीने कशालाच नकार दिला नाही. एकच अट घातली. अट ऐकून कल्याणीचा फोन आला होता.

"पाय धुवायचे म्हणतेस? या जमान्यात?"

"रीत आहे."

"रीत तुला कधीपासून गं आवडायला लागली? तू तर विज्ञानाची बाई."

"विज्ञानात कृतीला महत्त्व असतं," वैजयंती म्हणाली होती. पलीकडे क्षणभर नुसता श्वास ऐकू आला. कल्याणीला सगळे आठवत होते. त्या श्वासानेच ते सांगितले.

सौमित्रही म्हणाला होता, "आई, अन्विताच्या आईला पाय धुवायला लावणं बरं दिसत नाही गं."

"तुझं लग्न आहे. तू अक्षता झेल."

तिला नेमके काय हवे होते, हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. कल्याणीने वाकावे. वाकून त्या टाचा हातांत घ्याव्यात. आणि भेग शोधावी, आणि तिला ती सापडू नये. एकही नाही. जीभ शिरायला केसाएवढी फट नाही. तिच्या त्या एका वाक्याला जगात टेकायला जागा उरू नये, आणि मग त्या निराधार, लाजिरवाण्या क्षणी तिच्या तोंडून तो शब्द यावा, ज्याची वैजयंती अडतीस वर्षे वाट पाहत होती. चुकले. एवढाच. तीन अक्षरांचा.

तालुक्याच्या गावी पार्लर होते. पण तिथल्या मुलीला पाय दाखवायचे म्हणजे आणखी एक साक्षीदार. म्हणून घर. म्हणून मागील दार. म्हणून सात दिवस, सात सकाळी, हा वेढा.

वीस मिनिटे संपली. तिने डावा पाय उचलून गुडघ्यावर घेतला आणि वज्री उचलली.

वज्रीच्या दातेरी अंगाने टाच घासली जाऊ लागली. खरर, खरर. राखाडी पीठ झडू लागले, ओले, बारीक, निर्जीव. खरर, खरर. हा थर शाळेच्या वाटेचा. हा कातळाचा. हा विहिरीच्या निसरड्या पायऱ्यांचा, हा शेणाने सारवलेल्या खळ्याचा, हा बापाच्या मागून चालताना लागलेल्या पहिल्या ठेचेचा. भूगर्भातल्या थरांसारखे ते एकावर एक बसलेले होते, आणि ती ते एकामागून एक खरवडून काढत होती, शांतपणे, निर्दयपणे, न थांबता.

जिथे घर्षण तिथे त्वचा जाड होते. देह आपली ढाल आपणच घडवतो. हे तिने दरवर्षी आठवीच्या वर्गाला सांगितले होते. खरर, खरर. ढाल पाण्यात विरघळत होती.

पाठीमागे उंबऱ्याशी तिची नणंद कुंदा विड्याची पाने पुसत बसली होती. ओटीवर वैजयंतीचा नवरा सकाळपासून फेटा बांधायची तालीम करत होता, मधूनच त्याचा "छे!" असा उद्गार ऐकू येई आणि कापड सुटल्याची सळसळ. घरात लग्न दरवळत होते. मागील दारी मात्र लढाई चालली होती.

"वहिनी, पाय आहेत की समया? किती घासाल!"

"वन्सं, तुम्ही पानं पुसा."

"पुसत्येय हो. पण नवऱ्यामुलाला लागली नसेल एवढी उटणी-तेलं तुमच्या टाचांनी खाल्ली. आणि हे काय? जोडवी काढलीत? आजच्या दिवशी?"

"खाली मळ आहे."

"बत्तीस वर्षांचा संसार आहे तो. मळ काय म्हणता!"

कुंदा स्वतःच्याच विनोदावर हसली. वैजयंती हसली नाही. जोडव्यांखाली बोटांना खोल, फिकट वळी पडली होती. तिने त्यांतून ओला कपडा फिरवला, एकदा, दोनदा, दहादा, जणू तिथेही कुणी नाचणी लावणार होते.

मग नखे. नेलकटरच्या टोकाने तिने कडा सरळ कापल्या. कोपरे गोल केले तर नख मांसात रुतते, हे तिला ठाऊक होते. टिक्. टिक्. चंद्रकोरीसारखे तुकडे फरशीवर उडाले. मग नखांच्या मुळांशी चढलेली कातडी, लिंबाच्या सालीने मऊ करून, काडीने मागे सारलेली. दहा नखे. दहा छोटे, गुलाबी, निरपराध आरसे.

आणि तरी एक उरलीच. उजव्या टाचेच्या आतल्या बाजूची. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत खोल, काळी, तिरपी. सात दिवस रोज रात्री तिने तिच्यात भिरंडेल भरले होते. कोकमाच्या बियांचे ते घट्ट, पांढरे तेल पळीत तापवून, थेंब थेंब, चटका सोसून. मीठ झाले, लिंबू झाले, वज्री झाली. सगळे जाळे पुसले गेले होते. ही एक भेग मात्र तशीच होती, मिटलेल्या तोंडासारखी.

वैजयंतीने तिच्याकडे पाहिले. भेगेने वैजयंतीकडे पाहिले.

"तुझ्यामुळे," वैजयंती म्हणाली. हलकेच. पान पुसणाऱ्या कुंदालाही ऐकू गेले नाही. अडतीस वर्षे जो राग खाडी ओलांडून जात होता, तो त्या घटकेला वळून आपल्याच टाचेवर येऊन थांबला.

ती आत गेली आणि नवऱ्याच्या दाढीचे नवे पाते घेऊन आली.

पाते पाण्यात बुडवले. भेगेच्या दोन्ही काठांवरची कठीण त्वचा तिने कापायला सुरुवात केली, सरकीवरून कापूस सोडवावा तशी, पापुद्र्या-पापुद्र्याने. श्वास सम होता. एक पापुद्रा. दुसरा. तिसरा. काठ खाली येत गेले, दरी उथळ होत गेली, काळेपणा करडा झाला, करडेपणा गुलाबी झाला. शेवटच्या कापाशी एक थेंब आला. लाल, गोल, तेजस्वी. तो पाण्यात पडला, धाग्यासारखा उलगडला, आणि नाहीसा झाला.

भेग गेली होती.

तिने पाय पुसले, कोमट भिरंडेल चोळले, जोडवी घातली, आणि पावले उन्हात पुढे ठेवून बघितली. गोरी, गुळगुळीत, तुकतुकीत पावले. केळीच्या कोक्यातून नुकतेच बाहेर आल्यासारखी. त्यांच्यावर वाट नव्हती, ऊन नव्हते, वय नव्हते. तिने घंगाळ माडाच्या आळ्यात ओतले. राखाडी पाणी मातीने क्षणात पिऊन टाकले.

"आता म्हण," ती पलीकडच्या गावाकडे बघून म्हणाली. "आता म्हणून दाखव."

दुपार कलली. वारा फिरला. वऱ्हाड होडीने खाडी ओलांडून गेले. पैठण्या, अत्तरे, फुलांच्या परड्या, आणि शेवटी कसाबसा जमलेला तो फेटा. पलीकडच्या धक्क्यावर सनई वाजत होती.

देवळाच्या दाराशी चपला काढायच्या होत्या. तिथून मांडवापर्यंत तीस-चाळीस पावलांचे उघडे, जांभ्याचे अंगण होते, दिवसभर उन्हात तापलेले. बायका बोलत, हसत, अनवाणी चालत गेल्या. वैजयंतीने आज मोजे घातले नव्हते. तिने पहिले पाऊल टाकले आणि तिच्या डोळ्यांसमोर पांढरे झाले.

जाळ. टाचेतून पोटरीत, पोटरीतून मांडीत चढणारा जाळ. ज्या कातळावरून ती अकरा वर्षे धावली होती, त्या कातळाने तिला ओळखले नाही. प्रत्येक पाऊल त्याने नव्या माणसासारखे पारखले, आणि प्रत्येक पाऊल भाजले. तिने ओठ आवळले, पदर सावरला, आणि चालत राहिली. चेहरा वरमाईचा होता. तळवे तान्ह्या मुलाचे होते.

मांडवात लाल गालिचा, खुर्ची, पितळेची परात. आणि परातीमागे कल्याणी.

ती म्हातारी झाली होती. केस विरळ, गळ्याची कातडी सैल, गोरेपणावर तपकिरी डाग. गुडघ्यांवर हात रेटत, "आई गं" म्हणत ती खाली बसली तेव्हा बायका कौतुकाने हसल्या. तिच्या हातात दुधाचा तांब्या होता.

वैजयंतीने खुर्चीत बसून साडीचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला. अडतीस वर्षांत प्रथमच. पावले परातीत ठेवली. सनई चढली. फोटोवाला पुढे सरसावला.

कल्याणीने उजवा पाय हातावर घेतला. तिचा अंगठा टाचेवरून फिरला. एकदा. पुन्हा उलटा. मग आतल्या बाजूने, सावकाश, अंधारात कडी शोधणाऱ्या माणसासारखा.

"वैजू," ती ओठ न हलवता पुटपुटली, कारण समोर फोटोवाला होता, "भेगा कुठे गं?"

"काढल्या."

"सगळ्या?"

"बघून घे."

कल्याणीने मान खाली घालून बघितले. बराच वेळ बघितले. मागे बायका ओटीच्या नारळावरून कुजबुजत होत्या.

"काल झोप नाही मला," ती म्हणाली. "म्हटलं, त्याच टाचा असतील. म्हटलं, हात लागला की बोलावंच लागेल. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते मेले."

वैजयंतीचे जळणारे तळवे थंडगार झाले. सनई कुठेतरी दूर गेली.

"मग बोल ना," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. वीस वर्षांच्या कुणाचा तरी होता.

कल्याणीने वर पाहिले. त्या नजरेत ओल होती की खोच, हे थर्मामीटरने कळणारे नव्हते. तिने तांब्या कलता केला. दूध पावलांवरून उतरले. कुठे अडले नाही, कुठे मुरले नाही, काचेवरून उतरावे तसे निथळून गेले.

"कुणाला बोलू?" ती म्हणाली. "ह्या पायांना मी कधी काही बोललेच नव्हते."

आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे, गोड, गुळचट: "विहीणबाई, पुसते हं पाय!"

तिने पुसले. हळुवारपणे पुसले, बोटांच्या बेचक्यांतून पुसले. कुंकवाने दोन स्वस्तिके रेखली. नमस्कार केला. कुणीतरी हाताला धरून तिला उठवले, आणि ती उठली ती बसली होती त्यापेक्षा हलकी होऊन. बायकांच्या घोळक्यात शिरताना ती कशावरून तरी हसली, आणि चार जणी तिच्याबरोबर हसल्या.

वैजयंती खुर्चीत बसून राहिली. पुढ्यात तिची पावले होती. गोरी, गुळगुळीत, कुंकुमांकित, पूजनीय. जिचा अपमान झाला होता ती टाच त्यांत नव्हती. तिच्या वतीने बोलायला कुणी उरले नव्हते; आणि तिला कुणी मारले, हे वैजयंतीला नेमके, दिवसासकट, वेळेसकट, ठाऊक होते.

सांज उतरली. देवळात घंटा झाली. परातीच्या काठावरून सांडलेल्या दुधाचा एक ओघळ गालिच्यावरून फरशीवर गेला होता. मुंग्यांची एक बारीक, काळी, शिस्तीची रांग त्याच्या वासाने आली, त्या दोन पावलांशी थबकली, चाचपली, आणि तिथे कुणी नसल्यासारखी वळसा घालून निघून गेली.